खो मिळायच्या आधी

सतरा वर्षांची असताना मी देवाची परीक्षा घ्यायचं ठरवलं होतं. आता हसू येतं. गणितात स्वतः काठावर पास होणारी पोरगी, आणि निघाली कुणाला तपासायला! बहात्तरच्या दुष्काळाचं साल. नगरच्या मिशनच्या वसतिगृहात आम्हा मुलींना दोघींत एक बादली पाणी मिळायचं. पावसासाठी रोज प्रार्थना व्हायची आणि आभाळ कोरडं ते कोरडंच. त्यातच माझं दृढीकरण जवळ आलेलं. बाप्तिस्मा लहानपणी आईबापांनी दिला होता. आता मंडळीसमोर उभं राहून ‘माझा विश्वास आहे’ असं मी स्वतःच्या तोंडानं म्हणायचं होतं. पण तो आहे का, हेच मला कळेना. वर कुणी ऐकतं का, याची भारी उत्सुकता. म्हणून गुपचूप पैज लावली : जिल्ह्याच्या खो-खोच्या अंतिम सामन्यात आम्हाला जिंकव, मग रविवारी दृढीकरणाला उभी राहते. हरलो, तर पोटात दुखतंय म्हणून खाटेवर पडून राहीन.

सामना आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या मुलींशी. शेवटचं मिनिट, गुण बरोबरीत, पाठलाग आमचा. समोर एक काटकुळी पोरगी करडासारख्या हुलकावण्या देत होती. खो-खोत रांगेत बसलेल्या गड्यानं पाठीला हात लागून ‘खो’ ऐकू आल्याशिवाय उठायचं नसतं. आमची भिडू मागून धावत येत होती, पण ती पोरगी माझ्या नाकासमोरून निघाली आणि मला धीर धरवेना. उठले, झेपावले, तिला शिवले. शिट्टी वाजली. पंचांना काही दिसलं नव्हतं. मुलींनी मला खांद्यावर घेतलं, आणि मी वरून देवाला म्हणतेय, ‘शाब्बास!’ बघा आगाऊपणा.

खाली उतरले तर तीच पोरगी समोर. आता भांडणार, म्हणून मी पदर खोचल्यासारखी उभी राहिले.

“ताई, तुला खो बसला हुता?”

“हो तर!” मी ठोकून दिलं.

“मला ऐकूच आला न्हाई. कळसूबाईला नवस बोलून आल्ते, लई कान टवकारून पळत हुते.” तिनं जरा विचार केला. “आसंल बाई. पन खाली बस, टाच फुटलीया तुझी.”

खरंच, मातीत रक्ताचे ठसे उमटले होते. मला बसवून तिनं आपल्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी माझ्या पायावर ओतलं. प्यायचं पाणी, आणि त्या साली! बोटांनी खडे काढले, वेणीची रिबीन सोडून टाच बांधली. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतल्याचा उतारा मला तोंडपाठ होता, त्यावर बक्षीसही मिळवलं होतं. दुसऱ्याकडून पाय धुवून घेताना किती अवघडायला होतं, ते मात्र तोवर ठाऊक नव्हतं.

मी लंगडत पंचांकडे गेले. कुणी पाठवलं ते आजही सांगता येणार नाही. “सर, मी खो मिळायच्या आधी उठले होते.”

“हे आत्ता सांगतेस?” ते खेकसले. गुण रद्द झाला, जादा डाव झाला, आणि आम्ही हरलो.

“आली मोठी संतीण!” वाटेत भिडू फणकारली. “जिंकलेली ढाल काय चर्चला दान दिलीस?”

वसतिगृहाच्या मावशी ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांच्यापाशी रडत रडत मी पैजेचं, त्या पोरीच्या नवसाचं, पाय धुतल्याचं, सगळं सांगून टाकलं.

“म्हंजी देवाला पंच केलंस व्हय? आन् त्या अकोल्याच्या लेकीनं बी हात जोडलेच की. तिचं काय करायचं त्यानं?”

“मग तो होता कुठं, मावशी?”

“मला काय इचारतीस? पाय कुनी धुतला तुझा?” त्यांनी सुपातून मानसुद्धा वर केली नाही.

रविवारी पोटात दुखलं नाही. पैज हरलेली मी, टाचेला रिबीन बांधून उभी राहिले आणि म्हणायचं ते म्हटलं. आवाज कापत होता, पण माझाच होता. पाऊस त्यानंतरही कितीतरी दिवस आला नाही. देव कसा ऐकतो, हे कुतूहल अजून फिटलेलं नाही. अटी घालणं तेवढं सुटलं. हवं ते मागते, आणि मग गप्प बसते. माझ्यासारखीला हे गप्प बसणंच अवघड.

त्या पोरीचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं. तिच्याबद्दल रोज आभार मानते, ‘ती अकोल्याची’ एवढंच म्हणून. पत्ता त्याला ठाऊक आहे.