उसवलेलं पुस्तक

मेहमुदा जमादार यांनी १९८१ साली विद्यापीठाला प्रबंध दिला, तेव्हा पहिल्याच पानावर स्वतःचा एक चुकलेला शेरा सहीसकट टाकला होता. मार्गदर्शक म्हणाले, "बाई, हे पान काढा. लोक हसतील." बाई म्हणाल्या, "हसू देत. पान राहील." आणि ते राहिलं.

तो शेरा १९७२ चा. कोल्हापुरातल्या एका अध्यापक महाविद्यालयात बाई शिकवायच्या. मागं पडलेल्या मुलांना वेगळं न काढता त्याच वर्गात कसं पुढं न्यावं, हा त्यांचा विषय. सहकाऱ्यांना त्याची मोठी गंमत वाटे. "ढ पोरांवर कसला अभ्यास करता?" असं ते चहा पिताना विचारत. बाई चहा संपवून कामाला लागत.

कसबा बावड्याकडच्या एका शाळेत तिसरीत दोनदा नापास झालेली बाळाबाई नावाची मुलगी होती. बाईंनी तिच्यापुढं पुस्तक उघडून धरलं. पोरीनं धडा घडाघडा म्हणून दाखवला, पाटीवर मात्र काहीच लिहिलं नाही. बाईंनी लिहिलं, 'वाचन उत्तम. लिहिण्याचा आळस.' झालं! त्या शेऱ्यावर बोट ठेवून मुख्याध्यापक गणपतरावांनी तिचं नाव कमी करून शाळा सोडल्याचा दाखला द्यायचं ठरवलं.

आठ दिवसांत बाळाबाईची आई तानाबाई पोरीला हाताला धरून थेट बाईंच्या दारात उभी राहिली. "बाई, माजी पोर आळशी हाय म्हून तुमी लिवलंय न्हवं? पाटंला उठून शेण काडती, पानी भरती. कुटं हाय वो आळस?"

बाईंनी दोघींना आत घेतलं. त्यांचे वडील दस्तगीर बुकबाइंडर. ते सोप्यात तिसरीचं एक जुनं पुस्तक बांधायला उसवून बसले होते. बाळाबाईनं त्यातलं एक सुटं पान उचललं आणि मोठ्यानं धडा सुरू केला. अब्बांचा हात थांबला.

"बेटी, ह्ये पान विहिरीच्या धड्याचं हाय. तू तर कोल्ह्याचा धडा म्हणतीयास."

बाईंनी वाकून पान पाहिलं, धडा विहिरीचाच होता. वर्गात चाळीस मुलं रोज एका सुरात धडे म्हणत. पोरगी सगळं पुस्तक कानानं शिकली होती. अक्षर एक येत नव्हतं. पदव्या घेतलेल्या बाईला जे दिसलं नाही, ते चौथी शिकलेल्या बापाला दिसलं, याची बाईंना मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्या गणपतरावांपुढं उभ्या राहिल्या. "शेरा माझा चुकला."

"मग अक्षर आलं व्हय तिला?" गणपतराव म्हणाले. "दिवाळीपतोर वाचून दावू दे. न्हायतर दाखला तयार हाय."

त्या दिवसापासून कॉलेज सुटलं की बाई बसनं बावड्याला जाऊ लागल्या. अब्बांच्या पुठ्ठ्यांच्या कातरणांवर त्यांनी बाळाबाईच्याच घरातले शब्द लिहिले : शेण, ऊस, आई, कळशी. स्वतःच्या नावातल्या 'ळ'पाशी पोरगी अडायची आणि रडायची. रडून झालं की बाई तोच पुठ्ठा पुन्हा पुढं धरायच्या. बाईही हट्टी आणि पोरगीही हट्टी, म्हणून चार महिने निभावलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी गणपतरावांनी भरल्या वर्गात परीक्षा घेतली. बाईंनी ते उसवलेलं पुस्तक आणलं, पानं उलटीसुलटी केली आणि एक तिच्या हातात दिलं. बाळाबाई ओळीखाली बोट धरून वाचू लागली. दोन ओळींना इतका वेळ लागला की वर्ग खिदळायला लागला.

"ह्याला वाचणं म्हणायचं?" गणपतराव म्हणाले. दाखला टेबलावर होता.

"तुमच्या हुशार मुलाला बोलवा," बाई म्हणाल्या.

पहिला येणारा सयाजी ऐटीत पुढं आला. त्यानं बाईंनी दिलेलं सुटं पान हातात घेतलं आणि खणखणीत आवाजात कोल्ह्याचा धडा म्हटला. पानावर धडा होता गाडीचा. बाईंनी दुसऱ्याला बोलावलं, मग तिसऱ्याला. दहावं मूल होईपर्यंत गणपतराव खुर्चीत खचून बसले होते. दहातले सहा पाठच म्हणत होते.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "आता किती दाखले लिहू?"

बाळाबाई मघापासून पान हातात घेऊन तिथंच उभी होती.

"गुर्जी," ती म्हणाली, "माजं खालचं ऱ्हायलंय की."

गणपतरावांनी दाखला फाडला आणि म्हणाले, "वाच."