फोटोपुढचा फडफडता दिवा

चहा घ्या आधी. माझी ही फजिती गरम चहाबरोबरच ऐकायची असते. हसू आलं तर हसा, मला राग नाही.

मी फिजिक्सचा मास्तर. पोरं मागून मला 'करंट सर' म्हणतात. घरात आम्ही दोघंच, आई आणि मी. बाबा गेले त्याला महिना होत आला होता. पावरलूमच्या खडखडाटात जन्म काढलेला माणूस, घरातही ओरडूनच बोलायचा. ते गेले आणि घर इतकं शांत झालं, की शेजारच्या कुकरची शिटी आपल्याच घरातली वाटायची!

फोटोपुढे आम्ही तो विजेचा दिवा लावला होता. तुम्ही पाहिलाच असेल. ज्योतीच्या आकाराचा बल्ब, नारिंगी, सारखा फडफडणारा. एका संध्याकाळी शाळेतून आलो, तर आई त्याच्यापुढे बसून सांगतेय, "अहो, ऐकता का? बहादरपूरच्या वन्सं येऊन गेल्या." दिवा फडफडला. "हो ना, लई रडल्या." पुन्हा फडफड!

मास्तर ना मी! तिला जवळ घ्यायचं सोडून शिकवायला बसलो.

"आई, त्यात निऑन नावाचा वायू भरलेला असतो. वीज सोडली की विजेचे बारीक कण धावत जाऊन वायूच्या कणांना धडकतात. ते उसळतात, पण तसे टिकत नाहीत. परत जागेवर येताना मिळालेली ताकद उजेड म्हणून सोडतात. निऑनचा उजेड नारिंगी. आणि आत तो उजेड जागा बदलत राहतो, म्हणून फडफड."

"म्हणजे आत जळत काहीच नाही?"

"नाही."

"नुसता वारा? श्वासासारखा?"

आता महिन्याभरापूर्वी नवरा गेलेल्या बाईला इथं 'नाही' कसं म्हणायचं, सांगा! मी म्हणालो, "हां, तसंच समज."

झालं! खिडकीतून ऐकलं असणार, दुसऱ्या दिवशी समोरच्या निर्मलाकाकू हात जोडून दारात. "संजू, तू सायन्सवाला. तूच बोलला ना, भाऊजींचा श्वास आहे दिव्यात? मग विचार ना, आमच्या पिंकीचं लग्न जमेल का?"

नेमकं तेव्हाच व्होल्टेज खाली-वर झालं. दिवा असा काही फडफडला, की काकू रडायलाच लागल्या. "पक्कं हां! भाऊजी बोलून राहिले!"

मग काय, अर्धी गल्ली नारळ घेऊन आली. जसोंडीहून एक जण केळी लावू की कापूस, हे विचारायला आला!

म्हटलं, आता प्रयोगच करून दाखवतो. सगळ्यांसमोर टेस्टर काढला. "हे बघा, यातही निऑनच आहे. बाबा नाहीत, वायू आहे!" प्लगमध्ये टेस्टर घातला, मागच्या टोपीवर बोट ठेवलं. आत नारिंगी उजेड पडला.

काकूंनी टेस्टरला नमस्कार केला. "देखो, इथं पण आले!"

लोक गेले. आई कधीची माझ्या हातातल्या टेस्टरकडे बघत होती. "बोट काढलं की विझतो?"

"हो. माझ्या अंगातून थोडी वीज गेली, तरच पेटतो."

"म्हणजे त्यालाही माणूस लागतो," ती म्हणाली. "संजू, मला काय कळत नाही? बल्ब आहे तो. तापीत राख सोडली तेव्हा मी काठावरच होते."

"मग त्याच्याशी बोलते कशाला?"

"तू बोलतो का? शाळेतून येतो, ताट घेतो, मोबाइल घेतो. तो निदान हलतो तरी."

करंट सरांचा फ्यूज उडाला.

मी तिच्याशेजारी बसलो. बोलायचं ठरवलं. पण काय? वर्गात तास संपला तरी थांबत नाही, इथं एक वाक्य सुचेना! शेवटी म्हणालो, "आज भाजी काय?"

आई फोटोकडे वळली. "ऐकलं का? महिन्यानं लेकरू बोललं, ते पण भाजीचं!" आणि हसली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "गिलक्याची," म्हणाली आणि वाढायला उठली.

पहिला घास घेतला. भाजीत मीठच नव्हतं. स्वयंपाकघरात डोकावून चव घेणारा माणूस आता नव्हता ना. आईकडे पाहिलं, ती तशीच जेवत होती. तिला कळलंच नव्हतं.

आणि मी, नुकताच बोलायला लागलेला मास्तर, पुन्हा गप्प बसलो.