अर्ध्या पाण्यातला दम

फाल्गुनातल्या एका बुधवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी आमच्या साडूंच्या नावेची मोटर तलावाच्या मधोमध थांबली. नावेत दोन माणसं होती: साडू स्वतः आणि त्यांची बायको, म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. वारा जेमतेम होता, पाणी शांत होतं. मी काठावर उभा होतो आणि मनगटावर घड्याळ होतं, त्यामुळे वेळेबद्दल शंका नाही.

नावेच्या मागे लावायच्या एवढ्याशा मोटरीवर इतका जीव टाकणारा दुसरा माणूस वाशीम जिल्ह्यात नाही, हे मी खात्रीने सांगतो. कारण तशी मोटरच जिल्ह्यात दुसऱ्या कोणाकडे असल्याचं ऐकिवात नाही. साडूंचं गाव मानोरा तालुक्यात, सिंचन तलावाच्या काठावर आहे. तलाव झाला तेव्हा गाव वाचलं, पण गावातून पलीकडच्या वावरांकडे जाणारी बैलगाड्यांची गाडवाट बुडाली. अक्काचं साडेतीन एकर वावर त्या पलीकडच्या काठाला, अगदी पाण्याला लागून आहे. तिथे जायचं तर जीपने वळसा घालून पलीकडच्या बंजारा तांड्यापर्यंत आणि तिथून पुढे पाऊण तास पायी. नावेने मात्र देवळाच्या घाटापासून बारा मिनिटं. लग्न झाल्यापासून त्या वावराचं सगळं अक्काच पाहायची: काय पेरायचं, कधी निंदायचं, सोंगणी-कापणीला कोणाला बोलवायचं. बैल तेवढे साडूंकडे होते. मग अक्काचे गुडघे गेले. दोन वर्षं तिने आपलं वावर पाहिलं ते घाटावरून, कपाळावर हात आडवा धरून. पुण्यातल्या मुलाने सुचवलं, की पाडव्याला वावर मक्त्याने दुसऱ्याला कसायला देऊन टाकावं. अक्काने हो म्हटलं होतं. 'जे वावर पाहाले भेटत नाई ते आपलं कायचं?' एवढंच ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. साडूंनी नाव आणली ती त्याच महिन्यात.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका बागेतलं बोटिंग बंद पडलं होतं. तिथली फायबरची नाव आणि तिची मोटर सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यांत गुंडाळून टेम्पोने गावात आली. योगायोग असा, की साडूंची शेवटची बैलजोडी त्याच वर्षी गोठ्यातून गेली होती. मोटर रिकाम्या गोठ्यात टांगली गेली आणि तिथेच सगळा घोटाळा झाला, असं माझं मत आहे. साडू सकाळी उठले की आधी तिच्या अंगावरून हात फिरवतात. उन्हात तिच्यावर ओलं पोतं टाकतात. पेट्रोल जुन्या धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळतात, आणि गाळण्याआधी हुंगतात. पेट्रोलमध्ये घालायचं तेल ते फवारणीच्या औषधासारखं बाटलीच्या झाकणाने मोजतात आणि औषधासारखंच, गुण यावा म्हणून, एक झाकण जास्त घालतात. त्यामुळे मोटर जाते कमी आणि धुपते जास्त. पंखा शेवाळात अडकून त्याची खीळ मोडली, तर सायकलच्या आऱ्याचा तुकडा घालतात. जादा प्लग शर्टाच्या खिशात, सुपारीच्या पुडीशेजारी असतो. एकदा लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने सुपारी मागितली आणि साडूंनी न पाहता त्याच्या हातावर प्लग ठेवला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. साडूंनी मोटरीच्या झाकणाला हळद-लोणी चोळलं आणि पोळ्याच्या दिवशी तिला सुट्टी दिली. लोणी आत दोरीच्या खाचेत उतरलं. पुढचे चार दिवस दोरी ओढली, की ती सुर्रकन मोकळीच हातात यायची आणि साडू नावेत उताणे पडायचे.

त्यांचा सराव अंगणात चाले. पाण्याने भरलेल्या ड्रमच्या काठाला मोटर अडकवून ते दोरी ओढत, आणि ड्रममध्ये ती न चुकता पहिल्या झटक्याला सुरू होई. शेजारणीचे वाळत घातलेले पापड दोनदा भिजले. साडू विजयी मुद्रेने ओट्याकडे पाहत. ओट्यावर गहू निवडत बसलेली अक्का मान वर न करता म्हणायची, 'पेते पेट्रोल अन् चालते गोठ्यातच. आपले बैल तरी बाहेर निघत होते.' तलावात मोटर काठावरून नीट निघायची, पण मधोमध पोहोचली की हमखास आवाज बंद व्हायचा. त्या पाण्यात मासे धरणारी माणसं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून असतात. त्यांचं एक माप ठरून गेलं होतं: मोटरीचा आवाज थांबला की पहिली बिडी पेटवायची, दुसरी संपली की नावेला ओढून आणायला निघायचं.

पिकाच्या नुकसानीचे पंचनामे करायला एकदा तलाठी आले होते. साडूंनी त्यांना जीपमध्ये चढूच दिलं नाही. बारा मिनिटांत पलीकडे पोचवतो म्हणाले. सहाव्या मिनिटाला नाव थांबली. साडूंनी सतरा वेळा दोरी ओढली. तलाठी दप्तर डोक्यावर धरून बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी शांतपणे विचारलं, की आपण सध्या कोणत्या गटात आहोत? साडूंनी तितक्याच शांतपणे खालच्या बुडालेल्या जमिनीचा गट नंबर, मूळ मालक आणि बांधावरची झाडं सांगितली. तपासून पाहता माहिती अचूक निघाली. तलाठी परत गेले ते जीपने.

शेवटी मानोऱ्याहून मिस्त्री आला. फवारणी पंप आणि मोपेड दुरुस्त करणारा हा तरुण हाताने चोख आणि तोंडाने फटकळ आहे. त्याने मोटर सोडवली, साफ केली, जोडली, नावेत एकटा बसून तलावाच्या चार फेऱ्या मारल्या आणि एकदाही न थांबता परत आला. मग साडूंना पुढच्या फेरीला बसवून स्वतः समोर बसला. मधोमध येताच साडूंचा हात बटणाकडे गेला आणि त्यांनी मोटर बंद केली. मिस्त्रीने कारण विचारलं. साडूंना प्रश्नच कळला नाही. नांगराचं एक तास संपलं की धुऱ्यावर बैलांना दम देतात, चढ चढला की दम देतात; अर्ध्या वाटेवर जनावराला उभं करायचं नाही, ही कल्पनाच त्यांना नवी होती. एवढं झाल्यावर ते लगेच चोक ओढून दोरीला भिडले, आणि मोटर नेहमीप्रमाणे मुकी झाली.

'काका, मोटर खणखणीत हाय,' मिस्त्री म्हणाला. 'तुमी मधात बंद करता. मंग गरम इंजिनाले चोक देता, अन् दोरीवर दोरी ओढता. पेट्रोल चढते, प्लग ओला होते. बंदच नोका करू ना.'

'बारा मिनिटं एका दमात?' साडू म्हणाले. 'तुह्या घरचं जनावर असतं त पयवलं असतं का तू?'

ही हकिगत अक्काच्या कानावर गेली. तिने अट घातली: मोटर न थांबवता तीन फेऱ्या करून दाखवा, मग मी नावेत बसेन; नाहीतर पाडव्याला मक्त्याचा कागद करून टाका. त्यानंतरचा पंधरवडा साडूंच्या आयुष्यातला सर्वांत खडतर असावा. मधोमध आलं की हात आपोआप बटणाकडे जायचा. दोन फेऱ्या त्यातच वाया गेल्या. तिसऱ्यांदा ते उजवा हात मांडीखाली दाबून बसले आणि डाव्या हाताने नाव हाकली. न थांबता पलीकडे जाऊन परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. मोटरीवर ओलं पोतं टाकून ते दुपारपर्यंत तिच्याशेजारी घाटावर बसून राहिले. पण तीन फेऱ्या झाल्या. अक्काने शब्द पाळला. पाडव्याला अकरा दिवस होते.

बुधवारी सकाळी माझी पत्नी आणि मी तिथे होतो. शेजारच्या दोघांनी अक्काला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून नावेत ठेवलं. पलीकडे हरभरा सोंगणीला आला होता, म्हणून तिने हातात विळा घेतला होता. मोटर दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. साडूंनी उजवा हात मांडीखाली दाबला, हे घाटावरच्या सगळ्यांनी पाहिलं. नाव सरळ रेषेत निघाली. आणि आठ वीसला, मधोमध, आवाज थांबला.

'केलंच शेवटी भाऊजींनी,' माझी पत्नी म्हणाली. तराफ्यावर पहिली बिडी पेटली.

नावेत काय घडलं ते मी नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं. दोघांच्या सांगण्यात फरक नाही. मोटर बंद करायला अक्कानेच सांगितलं होतं. ती मोटरीकडे तोंड करून बसली होती. मोटर धुपत होती, आवाज जड झाला होता. अक्काने थोडा वेळ सहन केलं. मग म्हणाली, 'थांबवा तिले. कवाची पयून राह्यली. दम घेऊ द्या.' साडूंनी तिला मिस्त्रीच्या म्हणण्याची आठवण करून दिली. त्याच्या घरी जनावर नाही, त्याला काय माहीत, असं अक्काने उत्तर दिलं. तेव्हा कुठे मांडीखालचा हात निघाला. मोटर बंद केल्याबरोबर तोच हात सवयीने चोककडे आणि दोरीकडे जाऊ लागला, तर तिने विळ्याची मूठ मधे धरली.

'हात काढा. आत्ताच त थांबली बिचारी. तुमचा दम म्हंजे चार श्वास. बैलाइलेही असंच करत होते तुमी.'

साडूंनी हात काढला. आम्हाला काठावरून दिसत होतं ते एवढंच, की दोघं समोरासमोर बसली आहेत आणि कोणीही दोरी ओढत नाही. हे अगदीच नवीन होतं. दुसरी बिडी संपली, तराफा निघाला. अक्काने विळ्याचा हात उंच करून त्यांना परत जायला सांगितलं. ते परत गेले आणि त्यांनी तिसरी बिडी पेटवली.

बोलणं काय झालं, असं मी दोघांना विचारलं होतं. साडू म्हणाले, काही विशेष नाही. अक्काने सांगितलं, की एका बाजूला देवळाचा कळस आणि दुसऱ्या बाजूला टेकडीवरचा पळस एका ओळीत आलेले पाहून तिला जागा ओळखता आली. गाडवाट नाल्यातून वर चढायची ती तिथेच. चढ संपला की साडू बैल सोडून उभे करायचे आणि ती गाडीतून उतरून पाणी प्यायची. तिने साडूंना विचारलं, तुम्ही दरवेळी इथेच का थांबवता? साडूंनी सांगितलं, की त्यांनी तसा कधी विचार केला नाही. मग म्हणाले, 'इथंच थांबत होतो ना आपण.'

आठ चव्वेचाळीसला साडूंनी दोरी ओढली. मोटर पहिल्या झटक्याला सुरू झाली. मिस्त्रीला फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला, की एवढ्या वेळात इंजिन गार झालं असेल आणि चोक ओढलाच नसल्यामुळे प्लग कोरडा राहिला असेल. साडूंना मी हे सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ती मला बरं वाटावं म्हणून.

त्या दिवशी अक्काने खुर्चीत बसून हरभरा सोंगला. हाताच्या टप्प्यातलं संपलं की साडू तिला आधार देऊन उभं करायचे, खुर्ची दोन हात पुढे ठेवायचे आणि पुन्हा बसवायचे. असं दुपारपर्यंत चाललं. ओळ वाकडी गेली, असं ती त्यांना दोनदा बोलली. खुर्ची वाकडी ठेवल्याचा तो परिणाम होता. परत येतानाही नाव मधोमध थांबली, बावीस मिनिटं.

पाडव्याला मक्त्याचा कागद झाला नाही. मुलाला फोनवर तसं कळवलं. चैत्रात दर सोमवारी आणि गुरुवारी दोघं नावेने वावरात जात होती. तराफ्यावरच्या माणसांनी आवाज थांबला की बिडी पेटवणं सोडून दिलं. वैशाखात पाणी उतरलं, काठाला गाळ उघडा पडला आणि नाव घाटावर पालथी घातली गेली. त्यानंतर अक्का वावरात गेलेली नाही. यंदाची पेरणी तिने फोनवरून, तांड्यातल्या एका बाईला ओळीओळीने सांगून करून घेतली.

नाव सुटायला घाटाची खालून सहावी पायरी पाण्यात जावी लागते. आषाढ लागल्यापासून साडू रोज सकाळी घाटावर जाऊन येतात. ते फाटकातून आत आले, की अक्का ओट्यावरून विचारते, 'कितवी?'

काल सकाळी चौथी होती.