झाडलेल्या रस्त्यावरचा आकडा

माझा धाकटा भाऊ मला अक्का म्हणतो आणि गाडीचा विषय सोडला तर माझं सगळं ऐकतो. ती गाडी त्यानं पुण्याहून जुनी आणली. दिसायला साधी, शाळेतल्या मास्तरांकडं असते तशी बुटकी, मागं दार असलेली. पण पुढं टर्बोचं इंजिन होतं, आणि एक्सलेटर दाबला की माणूस सीटला चिकटायचा. मळणी यंत्र गावोगाव फिरवून, धूळ खाऊन त्यानं ती घेतली होती, म्हणून वडीलही काही बोलायचे नाहीत.

गिअरच्या पुढं एक बटण होतं. गाडी जोरात सुटताना चाक जागेवर फिरायला लागलं की गाडी स्वतःच इंजिनचा जोर कमी करते आणि चाकाला रस्ता धरू देते. याला ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतात. बटण दाबून धरलं की हा पहारा उठतो, समोर पिवळा दिवा लागतो आणि पुढचं सगळं चालवणाऱ्याच्या पायावर. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की पहारा आपोआप परत येतो. बनवणाऱ्याचा माणसावर विश्वास नसतो, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे.

भावाला मात्र हा पहारा म्हणजे आपला अपमान वाटायचा. "गाडी माझी, पाय माझा, अन् मधीच हा कोण आडवणारा?" असं तो म्हणायचा. येत्या रविवारी त्याची आणि त्याच्या मित्राची शर्यत ठरली होती. मित्र उमरग्याचा, शाळेपासूनचा, आमच्या घरी न विचारता ताट घेऊन बसणारा. त्याच्या वडिलांची गाडी मोठी आणि जड. थांबलेल्या जागेवरून दोघांनी सुटायचं आणि शंभरचा वेग कोण आधी गाठतो ते बघायचं. दोघंही पहारा उठवून सुटणार होते. शर्यत मला थांबवता येणार नव्हती. पहारा चालू ठेवून गेले तर दोघं धड परत येतील, एवढंच मला हवं होतं.

म्हणून मी म्हणाले, "मोजू या."

मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी गर्वानं सांगते, त्यात लाजायचं काय. मुरुम गावाजवळच्या ज्युनिअर कॉलेजात मी प्रयोगाचे तास घेते. एका रीडिंगवर विश्वास ठेवायचा नाही, हे पोरांना सांगून सांगून माझा घसा बसतो. आमच्याकडच्या रस्त्यावर भावाचा पाय यंत्रापुढं हरणार, याची मला खात्री होती. आकडा दाखवला की तो गप बसेल असं वाटलं.

गावाबाहेरचा बायपास बांधून झाला होता, पण उघडला नव्हता. शर्यतही तिथंच ठरली होती. दोन्ही तोंडांना मुरमाचे ढीग टाकलेले. सुगीत असा रस्ता म्हणजे सगळ्या शिवाराचं खळंच. जो तो आपलं सोयाबीन डांबरावर वाळत घालतो आणि कुणी गाडी घालू नये म्हणून भोवती दगड मांडतो. माल उचलला जातो, दगड तिथंच राहतात. त्यांना हात लावणं कुणाचंच काम नसतं. त्या दिवशी काकूचं, म्हणजे माझ्या चुलतीचं सोयाबीन आदल्या दिवशी भरून झालं होतं आणि तिचा लांबलचक पट्टा मोकळा होता. ती पोती राखत छत्रीखाली बसली होती.

भावानं काचेवर मोजायचा डबा चिकटवला. उपग्रहावरून वेग घेतो आणि शून्यापासून शंभरपर्यंतचा वेळ दाखवतो असा. रस्त्याला ओढ्याकडं थोडा उतार होता, म्हणून मी जाताना आणि येताना दोन्हीकडून मोजायला लावलं. प्रत्येक वेळी मी शेजारी बसले, म्हणजे वजन तेच. दोन फेऱ्यांच्या मध्ये इंजिन निवू द्यायचं, हाही माझाच नियम.

"कॉलेजात हेच शिकलीस व्हय गं?" काकूनं छत्रीखालून विचारलं. "गाडी सोडायची अन् धरायची?"

"सायन्स हाय काकू," भाऊ म्हणाला.

"मग सायन्सला म्हणावं, माझ्या पोत्यावर धूळ उडवू नगं."

पहारा चालू असताना गाडी दर वेळी सारखी सुटली. थोडी थरथरायची, मग सरळ. सरासरी आठ सेकंदांच्या जरा आत आली. मग भावानं बटण दाबून धरलं आणि पिवळा दिवा लागला. पहिल्या दोन फेऱ्यांत चाकं किंचाळली, स्टिअरिंग त्याच्या हातातून ओढ घेत होतं आणि वेळ जास्त लागला. मी मनात म्हणाले, झालं. पण तिसऱ्या फेरीपासून त्याचा पाय शिकला. चाक सुटायच्या आत तो एक्सलेटर केसभर मागं घ्यायला लागला. जळक्या रबराचा वास गाडीत भरला होता आणि तो हसत होता. शेवटच्या चार फेऱ्यांची सरासरी साडेसातच्याही खाली आली.

अर्धा सेकंद. एवढ्यात शंभरच्या वेगानं गाडी एका घराच्या ओसरीपासून पलीकडच्या घराच्या ओसरीपर्यंत जाते.

"बोल की अक्का. काय निघालं?"

मी खरं ते सांगितलं. आकडा फिरवून सांगायला मी शिकलेले नाही. भावानं डब्याचा फोटो काढला आणि तिथूनच मित्राला पाठवला. खाली लिहिलं, अक्कानं मोजलंय. परत येताना मला गाडीतलं सगळं घट्ट आणि लहान वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकूला चहा द्यायला गेले, तर ती वाकून डांबर झाडत होती. उद्या उरलेला माल आणायचा होता.

"रोज झाडतेस?" मी विचारलं.

"मग? खडा निघाला की अडत्या पोतं बाजूला काढतो. घरातल्यापेक्षा हितं जास्त झाडलंय म्या."

चहाचा कप माझ्या हातातच राहिला. भावाच्या पायाला जे यश आलं, ते या डांबरावर. उभ्या तालुक्यात एवढा स्वच्छ रस्ता दुसरा नसेल. मी चालत पुढच्या पट्ट्यावर गेले, जिथं मळणी झाली होती. चप्पल सरकली. खाली भुसा, बारीक खडी आणि दाणे, छऱ्यासारखे गोल. ज्या रस्त्यावर माणसं खरोखर गाडी चालवतात तो असा असतो.

शनिवारी दुपारी मी भावाला ओढून तिथं नेलं. तो कुरकुरत होता.

"आकडा निघाला ना एकदा? तूच काढलास."

"तो काकूच्या खळ्याचा आकडा आहे. हा रस्त्याचा काढू."

पहारा चालू ठेवून गाडी अडखळत, गुरगुरत सुटली, पण सरळ गेली. साडेआठच्या आसपास. मग त्यानं पहारा उठवला. सुरुवातीला चाकं नुसती गरगरली. त्यानं परवासारखाच पाय मागं घेतला, गाडीनं वेग धरला आणि मला वाटलं, हा याही रस्त्याला शिकणार. तेवढ्यात दुसरा गिअर पडला, टर्बोचा जोर आला आणि एक चाक भुशावर, एक उघड्या डांबरावर असं झालं. गाडी आडवी निघाली. समोर कुणाच्या तरी विसरलेल्या दगडांची रांग होती. ती माझ्या दाराकडं येताना मला एकेक दगड वेगळा दिसला. एकावर चुना लावलेला होता. पुढचं चाक त्याला घासलं आणि गाडी थांबली.

भावानं गाडी बंद केली, पुन्हा चालू केली, आणि पिवळा दिवा लागला नाही हे मला बोटानं दाखवलं.

"चालू ठेवतो अक्का. शप्पथ."

"त्याला पण कळव. आजचं सगळं सांग."

"कळवतो की."

तेवढ्यावर मी थांबले नाही. घरी जाता जाता काकूला सगळं सांगितलं. काकूला धास्ती बसली की ती कानडीत शिरते. "बेडा, बेडा," म्हणजे नको नको, म्हणत ती उठली. "थांब तू. उद्या अख्खा रस्ता अडवते. बघू कोण गाडी घालतंय माझ्या दाण्यावर."

रविवारी सकाळी दोन्ही पट्ट्यांवर या कडेपासून त्या कडेपर्यंत सोयाबीन पसरलेलं होतं, आणि काकू मधोमध उभी होती. दोन्ही गाड्या येऊन थांबल्या. मित्र खाली उतरून हसायला लागला.

"काकू, रस्ता सरकारी हाय म्हणं."

"मग जा की सरकारकडं. दाणं वाळस्तोर हितनं मुंगी पण जाणार न्हाय."

"मुंगी न्हाय तर न्हाय. चहा तरी पाजा."

"शर्यत सोड, मग पाजते."

तो आणखी हसला आणि भावाकडं वळला. "चल हायवेला. नळदुर्गाकडं सकाळचं मोकळं असतंय."

सोलापूर-हैदराबाद रस्ता कधीच मोकळा नसतो. मी भावाच्या खिडकीशी गेले. पिवळा दिवा नव्हता. त्यानं शब्द पाळला होता. मग मी मित्राच्या गाडीशी गेले. तो बसला होता, इंजिन सुरू होतं आणि त्याच्या समोर पिवळा दिवा जळत होता.

"ते ट्रॅक्शन चालू कर," मी म्हणाले.

"अक्का, तुमचाच आकडा हाय की. अर्धा सेकंद."

"तो झाडलेल्या रस्त्याचा. काल परत मोजलंय. याची गाडी दगडावर गेली होती. याला विचार."

त्यानं भावाकडं बघितलं. भाऊ समोर बघत होता.

"भावाकडनं बोलायलाव व्हय अक्का?" मित्र म्हणाला. तोंडावर हसू तसंच. "शर्यतीच्या सकाळी नवा आकडा निघला का तुमचा?"

"शाळेपासून जेवलायस माझ्या हातचं. खोटं सांगेन का तुला?"

"जेवायलाच येतो की. जिंकून."

त्यानं काच वर घेतली. मी भावाला हाक मारली, तोवर तोही गाडी वळवत होता. दोन्ही गाड्या मुरमाच्या ढिगाला वळसा घालून गेल्या. काकूनं पदरानं तोंड झाकलं होतं.

भाऊ दुपारी एकटाच आला. गाडीला नवा ओरखडा नव्हता. अंगणात येऊन थांबला, पण इंजिन बंद करेना आणि स्टिअरिंगवरचे हातही काढेना.

"तो कुठाय?"

"मागं राहिला."

"किती मागं?"

तो रडायला लागला. ढाब्यापुढच्या पट्टीतून दोघं बरोबर सुटले होते. ट्रकमधून सांडलेली खडी तिथं कडेला पसरली होती. मित्राची गाडी पुढं गेली, मग शेपूट फिरवून आडवी झाली. भाऊ तिच्या बाजूनं निसटला आणि ती आरशातून नाहीशी झाली.

"थांबलास का?"

"न्हाय. पुढं जाऊन वळालो, तवर लोकं जमली व्हती. म्या जवळ न्हाय गेलो अक्का."

"दुसरा आकडा त्याला सांगितला होतास?"

"न्हाय." मग हळूच, "शर्यतीत सगळं सांगतंय का कोण?"

मी त्याला शेजारच्या सीटवर सरकायला सांगितलं आणि गाडी मी घेतली. ढाब्यासमोर काचेचा चुरा होता. खाली तुरीच्या रानात ती मोठी गाडी उलटी पडली होती. ढाबेवाला म्हणाला, सोलापूरला नेलंय, नेताना कण्हत होता.

दवाखान्यात मित्राचे वडील शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. मला बघून उठले. इतक्या वयाचा माणूस माझ्यासाठी उठला, हे मला बघवेना.

"अक्का, तुमी शिकलेल्या," ते म्हणाले. "आमची गाडी मोठी, त्याची एवढीशी. मग आमचीच कशी पडली? मी चावी देत नव्हतो. पोरगं म्हणालं, अक्कानं मोजून दिलंय, काय होत न्हाय. मग दिली."

दाराच्या काचेआड हिरवे कपडे हालत होते. आतून कुणी काही सांगायला येत नव्हतं.

"मी दोनदा मोजलं होतं, काका," मी म्हणाले. "त्याच्यापर्यंत एकच पोचलं."

ते समजले नाहीत. माझ्याकडून भावाकडं बघायला लागले. भाऊ भिंतीला टेकून उभा होता, नजर फरशीत.

"वर बघ," मी त्याला म्हणाले. "शनिवारी काय निघालं होतं, ते यांना तू सांग."

त्यानं मान वर केली आणि सांगायला लागला.