गणपतीतली मुलाखत

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि माझा बॅचमेट मला विसरूही देत नाही. तोही माझ्यासारखाच निवृत्त, पण त्याची निवृत्ती म्हणजे दर आठवड्याला शाल आणि नारळ. शाळा, कॉलेज, ज्येष्ठ नागरिक संघ, जिथे बोलावतील तिथे जाऊन तो आपले गाजलेले तपास सांगतो आणि शेवटाला ही केस ठेवतो. परवा रत्नागिरीतच त्याचं व्याख्यान झालं. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं. "मी आरोपीला एकच प्रश्न विचारला," असं म्हणून तो थांबला, पाणी प्यायला, आणि सगळं सभागृह चिडीचूप. प्रश्न मी विचारला होता. तो त्या वेळी त्या खोलीतसुद्धा नव्हता. तुम्ही जळता, असं कोणी म्हणेल. हो, जळतो. पेन्शन सुरू झाली म्हणून जळणं बंद होत नाही. म्हणूनच काय घडलं ते लिहून ठेवतो, आणि ज्याचं त्याला देऊन लिहितो.

मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या मॅडम फिर्याद द्यायला आल्या. विभागातून त्यांची बॅग चोरीला गेली होती. आत लॅपटॉप आणि आवाज रेकॉर्ड करायचं छोटं यंत्र. ठाणे अंमलदाराने रीतसर किंमत विचारली, तर बाईंना रडू फुटलं. लॅपटॉपसाठी नाही, रेकॉर्डरसाठी.

त्यांचा विषय होता खाजणातल्या भाताचे जुने वाण. खाजण म्हणजे खाडीकाठची खारट जमीन. तिथे तग धरणारं बियाणं पूर्वी घराघरांत असायचं, आता म्हाताऱ्या बायकांच्या आठवणीतच उरलंय. भाट्याच्या खाडीपलीकडच्या एका गावात एक आजी होत्या. दोन उन्हाळे मॅडम त्यांच्याकडे जात होत्या आणि आजी तासन्‌तास बोलत होत्या. त्या पावसाळ्यात आजी गेल्या. आता जे काही होतं ते त्या रेकॉर्डरमध्ये. दुसरी कॉपी नव्हती का, म्हणून मी विचारलं. होती. हार्डडिस्कवर. आणि हार्डडिस्क त्याच बॅगेत. शिकलेली माणसंसुद्धा कपाटाची किल्ली कपाटात ठेवतात, हे मी नोकरीत कितीदा तरी पाहिलंय.

गुन्हा दाखल केला, पंचनामा केला. विभागाच्या दाराचं कुलूप शाबूत होतं. म्हणजे किल्लीवाला माणूस, आतला माणूस. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांचे जबाब घेतले, हाती शून्य.

मग खबर आली. त्याच विभागातले ज्येष्ठ प्राध्यापक एका सकाळी स्टेशनला आले. स्वच्छ माणूस, बोलणं मऊ. चहा घेता घेता म्हणाले की साहेब, मन मोकळं करून सांगतो, बॅग वगैरे काही चोरीला गेलेली नाही. बाईंचं संशोधन कच्चं आहे, मुदत जवळ आली आहे, तेव्हा हे नाटक. उठताना म्हणाले, माझं नाव मात्र कुठे घालू नका. माझा आपला एक नियम होता. नाव घालू नका म्हणणाऱ्याचं नाव मी मनात सर्वांत आधी लिहायचो. पण नुसत्या मनातल्या नावावर कोणाला आत घेता येत नाही. वर मॅडमवरही थोडा संशय आला, हे खरं. फिर्यादीच आरोपी निघाल्याच्या केसेस मी पाहिल्या होत्या.

आंबे उतरायला लागले तेव्हा मॅडम पुन्हा आल्या. या वेळी रडत नव्हत्या. त्यांनी एका नियतकालिकात छापून आलेला लेख माझ्यापुढे ठेवला. विषय खाजणातलं भात, लेखक तेच सर, आणि लेखात त्या आजींची वाक्यंच्या वाक्यं.

मी म्हटलं, आजी त्यांच्याशीही बोलल्या असतील. मॅडमना प्राचार्यही तेच म्हणाले होते. मॅडमनी शेवटचं पान उघडलं आणि मला शाळेतल्या पोरासारखं समजावलं. संशोधनाच्या लेखात जे आपलं नाही ते कुठून घेतलं, हे लिहावं लागतं. पुस्तक असेल तर लेखक, साल, पान. मुलाखत असेल तर कोणाची, कुठे, कधी. मी म्हटलं, म्हणजे आमची साक्षीदारांची यादीच की. त्या म्हणाल्या, तसंच समजा, ज्याला शंका येईल त्याला जाऊन विचारता आलं पाहिजे.

सरांनी आजींचं नाव दिलं होतं, गाव दिलं होतं, राहत्या घरी मुलाखत असं लिहिलं होतं, आणि तारीख दिली होती. मॅडम त्या गावात पहिल्यांदा गेल्या त्याच्याही आधीच्या वर्षाची. गणपतीतली.

आता घोटाळा लक्षात घ्या. आजींचं बोलणं मॅडमनी अजून कुठल्याच लेखात छापलेलं नव्हतं, सरांचा लेख आधी छापलेला, तारीख आधीची, आजी हयात नाहीत, रेकॉर्डिंग गायब. मॅडमचा प्रबंध पावसाळ्याआधी द्यायचा होता. दिला असता तर विद्यापीठाने सरांचा लेख पुढे ठेवून विचारलं असतं, हे तुम्ही कुठून उचललंत? बॅग गेली मॅडमची आणि चोरही त्याच ठरणार. सात वर्षांची मेहनत आणि नोकरीतलं नाव, दोन्ही त्या एका तारखेखाली चिरडलं जात होतं.

त्या दिवशी जेवताना मी घरी हे बोललो. हा मुद्दा माझ्या सौ.चा आहे, तेव्हा तिच्या नावावरच लिहितो. ती भात वाढता वाढता म्हणाली, "गणपतीत ओटीवर निवांत बसून मुलाखत देणारी बाई मला दाखवा एकदा. आणि त्यांचा गणपती त्या घरात असतो का, ते विचारलंत?"

माझा घास तसाच राहिला. आमच्याही शहरातल्या घरी गणपती नसतो. आमचा मूळ घरी, सगळ्या भावांचा मिळून एकच. चतुर्थीच्या आधी आम्ही घराला कुलूप घालतो ते गौरी-गणपती पोचवून झाल्यावर काढतो. कोकणातल्या अर्ध्या घरांची हीच रीत. सर पडले रत्नागिरीचे, थोरल्या घरचे. गणपती त्यांच्याच दारी बसायचा आणि भावकी त्यांच्याकडे यायची. त्यांनी हिशेब केला की गणपतीत कोकणी माणूस घरी सापडणारच. कोण म्हणेल तुम्ही भेटला नाहीत? घाटावरचा चोर असता तर त्याने दुसरी कुठलीही तारीख टाकली असती आणि निभावून गेला असता.

आजींचा मुलगा मुंबईला नोकरीला. आंब्यांसाठी गावी आला होता. त्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "आमचा गनपती पाली गावाला, मूळ घराला. ह्या घरात आमच्या आज्यापासून कधी बसला न्हाय. आवस चार दिवस आधी तकडं जायाची, घर बंद." आवस म्हणजे आई. मूळ घरच्या भावकीचे जबाबही तेच सांगत होते. त्या वर्षी आजींनी तिथेच गौरीला हळदीची पानं आणून दिली होती, हे तीन जावांनी वेगवेगळं सांगितलं.

सरांना नोटीस देऊन बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, हातात लेखाची प्रत, माझ्यासाठी सही करून आणलेली. मी आवाज चढवला नाही. चौकशीत आवाज चढवणाऱ्याला फक्त स्वतःचा आवाज ऐकू येतो. मी म्हटलं, सर, मला यातलं काही कळत नाही, ती मुलाखत कशी झाली तेवढं सांगा. मग काय, गडी खुलला. होडीने गेलो, आजी दारात होत्या, आरती झाली, हातावर मोदक दिला, नंतर ओटीवर बसून बोललो. मास्तर माणसाला समोर विद्यार्थी मिळाला की त्याला थांबवणं कठीण.

मी विचारलं, "गणपती कुठे बसवला होता?"

"माजघरात, उजव्या हाताला," ते म्हणाले. "छान आरास होती."

चहा मागवला. चहा आला, आणि चहाबरोबर आजींचा मुलगा आत आला आणि बाकावर बसला. मी त्याची ओळख करून दिली, आणि त्याला सांगितलं की सरांनी तुमच्या माजघरात गणपती पाहिलाय. त्याने एकदा सरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. लाज त्या बिचाऱ्याला वाटली. सरांनी कप उचलला तो तसाच खाली ठेवला.

मग ते बोलले. असं बोलणं मी खुनाच्या आरोपीकडूनही ऐकलेलं नाही. "त्या गावात जुनं बियाणं आहे हे हिला मी सांगितलं," ते म्हणाले. "मी कधी गेलो नाही, ते माझं दुर्दैव. ही गेली. हिचे लेख छापून आले, हिला परिषदेला बोलावणी आली. आणि आभारात काय, तर 'सहकाऱ्यांचे आभार'. माझं नावसुद्धा नाही, साहेब. ती म्हातारी त्या रेकॉर्डिंगमध्ये हिला दर वाक्याला 'बाय माझे' म्हणते. मला ते ऐकवत नव्हतं."

मुद्देमाल कुठे, तर म्हणाले भाट्याच्या पुलावरून खाडीत टाकला, सगळाच. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नाही. खाडीतल्या चिखलातून काय निघणार? मॅडमची मुदत तर डोक्यावर आली होती. तेव्हा सरांच्या घराची झडती घ्यायची ठरली. दोन सरकारी पंच घेऊन गेलो आणि माळ्यावरची आंब्याची अढी उपसली. गवताच्या थरात, पिकत घातलेल्या हापूसच्या खाली, फडक्यात गुंडाळलेला रेकॉर्डर निघाला. पंचांसमोर चालू करून पाहिला. आजींचा आवाज आला, भाताबद्दल काहीतरी, आणि मध्येच "बाय माझे." सर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

मॅडमना न्यायालयाच्या परवानगीने रेकॉर्डिंगची प्रत मिळाली, प्रबंध मुदतीत गेला, सरांचा लेख मागे घेतला गेला. पेपरात फोटो आला तो माझ्या बॅचमेटचा. तेव्हा तो स्थानिक गुन्हे शाखेत होता. रेकॉर्डर टेबलावर आणि मागे हा, छाती पुढे काढून. मी फोटोत आहे, पण माझा खांदा तेवढा दिसतो. तो कागद मी फाडून टाकला होता. सौ.ने दुसरा आणून ठेवला.

वर्षभराने कोर्टात तारखेला मॅडम भेटल्या. पदवी मिळाली होती. बांधलेला प्रबंध घेऊन आल्या होत्या. मी तो उघडून आधी काय पाहिलं असेल? माझं नाव. आभारात नव्हतं. संदर्भात सर्वांत वर आजी, त्यांचं पूर्ण नाव, गाव, तारखा. मला राहवलं नाही, मी विचारलंच. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या की साहेब, तुमचे उपकार मोठे आहेत, पण भाताबद्दलचं मी तुमच्याकडून काही घेतलेलं नाही. संदर्भ हा मानपान नसतो, तो पत्ता असतो. मला ते झोंबलं. बरोबर होतं म्हणूनच झोंबलं.

मग त्यांनी पहिल्या प्रकरणातली एक ओळ दाखवली. 'या गावात जुने वाण टिकून असल्याची पहिली माहिती' अमुक सरांनी दिली, आणि पुढे सरांचं पूर्ण नाव. मी चक्रावलो. ज्याने यांना संपवायला काढलं, त्याचं नाव?

सर पलीकडच्या बाकावर वकिलाची वाट पाहत बसले होते. मॅडम गेल्या आणि प्रबंध त्यांच्या मांडीवर उघडा ठेवला. त्यांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. त्यांचा चेहरा पडला, आमच्या चौकशीतही पडला नव्हता इतका. "हे काढून टाक," ते म्हणाले. "माझ्यावर उपकार नकोत."

"उपकार नाहीत, सर," मॅडम म्हणाल्या. "ते खरं आहे. तेव्हाच लिहायला हवं होतं. आता ते काढता येत नाही."

नोकरीत मी हजारो जबाब लिहून घेतले, पण खरं कशासाठी लिहायचं ते मला त्या बाकापाशी कळलं. आपल्याला आवडणाऱ्याचं नाव कोणीही घालतो. हेवा हा काही फक्त चोराचा रोग नाही. तो स्टेशनातही असतो, स्टाफरूममध्येही असतो, आणि तो आधी दुसऱ्याचं नाव खोडायला शिकवतो.

तेव्हा माझ्याकडूनही एक नाव घालायचं राहिलंय. वर मी 'झडती घ्यायची ठरली' असं लिहिलं. ठरली नव्हती. मी पाणबुडे मागवायच्या खटपटीत होतो. झडती घे म्हणून मला सांगितलं ते बॅचमेटने. म्हणाला, इतका हेवा करणारा माणूस ती वस्तू टाकत नाही, घरात ठेवतो आणि रोज काढून ऐकतो. मे महिना आहे, माळ्यावर अढी असेल, ती आधी बघ. तुला रे कसं कळलं, म्हणून मी विचारलं होतं.

"तुझ्याकडे बघून," तो म्हणाला होता.

हे त्याचं, त्याच्या नावावर. प्रश्न माझा, मुद्दा सौ.चा. आणि व्याख्यानात तो लॅपटॉप जप्त केला म्हणून सांगतो, तेवढं त्याने सुधारून घ्यावं. लॅपटॉप खाडीत गेला तो गेलाच.