नीलेशची पोसलेली पोरं

आमच्या लॅबमध्ये रिझल्ट वर्षातून एखादा येतो, किस्से मात्र रोज. अलिबागबाहेर एका कॉलेजच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघं: मॅडम, रेवसचा नीलेश आणि मी. काम थोडक्यात सांगते. व्हायरसची मदत न घेता, चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत जनुक भरून ते कॅन्सरच्या पेशींत पोचवायचं. सांगायला दोन वाक्यं लागली, करण्यात जवानी चालली आहे!

*

एकदा दिवसभर लाइट नव्हती. फ्रिजमधले थेंब वाचवायला नीलेशने मासळीबाजारातून बर्फ आणला. नेमके दुसऱ्या दिवशी मांडव्याच्या बोटीने मोठे पाहुणे आले. त्यांनी थेंबांची बाटली हातात घेतली, नाकाजवळ नेली आणि मॅडमकडे बघितलं. बोंबलाचा वास लपण्यासारखा नव्हताच.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, लोकल फॉर्म्युलेशन आहे."

*

थेंब तपासायला कॅन्सरच्या पेशी जिवंत लागतात. त्या आम्ही डिशमध्ये वाढवतो, वेळच्या वेळी खायला घालतो. ते काम नीलेशचं. स्वतःच्या साखरपुड्यातूनही तो उठला. सासऱ्यांनी अडवलं, तर म्हणाला, "मी गेलो नाही तर उपाशी मरतील बिचाऱ्या."

सासरे खूश झाले. बायकोला म्हणाले, "जावयाकडे म्हशी हायेत, बोलला न्हाय कधी."

*

मग नीलेशच्या आईला कॅन्सर निघाला. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. त्या केमोसाठी रेवसहून बोटीने मुंबईला जायच्या. लेक लॅबमध्ये काय पोसतो, हे तेव्हा कुठे त्यांना नीट कळलं.

"माज्या अंगातली मारायला मी दर्या ओलांडून जाते, न् तू तीच इथं खायला घालून वाढवतोस?"

नीलेशने परोपरीने समजावलं. बरेच दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. मग एका दुपारी लॅबमध्ये डबा आला, सुक्या जवळ्याचा. सोबत निरोप होता, "तुज्यासाठी हाय. त्यांच्यासाठी न्हाय."

*

आमचं घोडं अडलं होतं गाठीच्या भोवतालात. पेशींभोवती धाग्यांचं दाट कुंपण असतं, थेंब त्यातच अडकतात. जनुक पोचलं की पेशी हिरवी चमकते. आमच्या डिशमधली गाठ फक्त कडेने चमकायची, मध्ये अंधार. मॅडम रोज बघायच्या आणि रोज म्हणायच्या, "दारातनंच परत आले."

*

एका सकाळी गाठ मधोमध हिरवी दिसली. नीलेश ओरडला नाही, नाचला नाही. थेट रेवसला गेला आणि आईला घेऊन आला. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, मावशींची गाठ पुन्हा वाढली आहे.

मावशींनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्या औषध मना कवा देशील?"

नीलेश बेसिनकडे तोंड करून उभा राहिला.  शेवटी मॅडमनी स्टूल ओढलं आणि मावशींचा हात हातात घेतला.

"मावशी, याचं औषध व्हायला अजून खूप वर्षं लागतील. तुमच्यापर्यंत नाही पोचणार."

मावशींनी मान हलवली. पदर सारखा केला. मग वाकून पुन्हा एकदा त्या हिरव्या उजेडात बघितलं.

"बाला," त्या नीलेशला म्हणाल्या, "आज यांना खायला घातलंस का? उपाशी ठेवू नको."