बाहेरून कुलूप

परवा डॉक्टरांनी माझ्या चिठ्ठीवर ‘कॅटरॅक्ट’ लिहिलं आणि मला हिंगणघाटचं ते डोळ्यांचं शिबिर आठवलं. मी तेव्हा कॉलेजात होते. बाबांचा मोतीबिंदू काढला होता. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याशी दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही, अशी सक्त ताकीद होती.

त्यांचा वेळ जावा म्हणून मी शब्दकोश उघडला. “बाबा, कॅटरॅक्ट म्हणजे धबधबा!”

“धबधबा? मले तं थेंबभर दिसत नाई.”

“मूळ ग्रीक शब्द आहे. वरून कोसळणारं ते. किल्ल्याचा वरून खाली सोडायचा दरवाजासुद्धा.”

सारा जन्म कापडदुकानात काढलेले बाबा लगेच म्हणाले, “म्हंजे शटर!”

मी खळखळून हसले. त्यांनी चाचपडत माझं मनगट घट्ट धरलं.

“हासू नको, पोरी. शटरले कुलूप बाहेरून राह्यते. अन् मी अंदर अडकलो न.”

कित्येक वर्षं मी हे विनोद म्हणून सांगत आले. परवा दवाखान्यातून घरी आले, तेव्हा समोरच्या दुकानाचं शटर धडधडत खाली आलं, आणि माझा हात कुणाचं तरी मनगट शोधू लागला.